फर्नांडोच्या बातमीत राहून गेलेली माणसं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्या क्रीडा पानावर फर्नांडो व्हॅलेन्झुएला या अमेरिकेतल्या बेसबॉलपटूच्या निधनाची बातमी आली होती. पुण्याहून भाचीनं तिचा फोटो काढून मला पाठवला. वय ६३, लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाचे माजी पिचर (चेंडू टाकणारे खेळाडू), १७ हंगामांत १७३ विजय आणि १५३ पराभव, आणि शेवटचं वाक्य असं की हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सन्मानदालनात, त्यांची निवड होऊ शकली नाही. बातमीतला प्रत्येक आकडा बरोबर आहे. पण त्या आठवड्यात या शहरात रस्त्याच्या कडेला उभं राहून ज्यांनी डोळे पुसले, ती माणसं या आकड्यांत कुठंच नाहीत. त्यांच्याविषयी मराठी वाचकांना कुणीतरी सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नर्स म्हणून लॉस एंजेलिसला आले आणि निवृत्त होईपर्यंत शहराच्या पूर्व भागातल्या एका सरकारी रुग्णालयात नोकरी केली. आमच्याकडे येणारे निम्म्याहून अधिक रुग्ण स्पॅनिश बोलणारे. बागकाम करणारे, हॉटेलात भांडी घासणारे, शिवणकारखान्यातल्या बाया. मला सुरुवातीला त्यांचं काही कळायचं नाही आणि त्यांना माझं. १९८१ च्या एप्रिलमध्ये एकाएकी सगळ्या वॉर्डांत उशाशी रेडिओ वाजू लागले. डॉजर्सचं स्पॅनिश समालोचन करणारे हाइमे हारीन यांचा आवाज मी रुग्णांच्या आवाजाआधी ओळखायला शिकले. ज्या संध्याकाळी फर्नांडो खेळणार असेल, त्या संध्याकाळी सलाइन बदलायला गेलं तरी लोक बोट ओठावर ठेवायचे. दुखणं नंतर सांगायचे.

इथं त्याला आडनावानं कुणी हाक मारत नाही. तो सगळ्यांचा फर्नांडो. म्हणून मीही एकेरीतच लिहिते.

उत्तर मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यात एचोवाकीला नावाचं एक लहानसं खेडं आहे. तिथल्या शेतकरी कुटुंबातल्या बारा भावंडांतला हा शेवटचा. डॉजर्ससाठी खेळाडू हेरणारे माइक ब्रितो १९७८ मध्ये दुसऱ्याच एका खेळाडूला पाहायला मेक्सिकोतल्या सामन्याला गेले होते, आणि त्या खेळाडूला बाद करणाऱ्या गुबगुबीत डावखुऱ्या पोरावर त्यांची नजर बसली. पुढच्या वर्षी डॉजर्सनी युकातानच्या संघाकडून त्याचा करार १ लाख २० हजार डॉलरला विकत घेतला. त्याच्या हातात वेग होता, पण मोठ्या मैदानांना पुरेल इतका नव्हता. तेव्हा बॉबी कास्तियो या संघातल्याच पिचरनं त्याला स्क्रूबॉल शिकवला.

क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी थोडं सांगते. बेसबॉलमध्ये टप्पा नसतो, जे काही वळायचं ते हवेतच. बहुतेक पिचर चेंडू सोडताना मनगट ज्या दिशेला वळवतात, त्याच्या बरोबर उलट दिशेला, आतून बाहेर, हात पिळून स्क्रूबॉल टाकतात. डावखुऱ्याचा हा चेंडू उजव्या हातानं खेळणाऱ्या बॅटरपासून अगदी शेवटच्या क्षणी बाहेर निसटतो. बॅट जिथून फिरते तिथं चेंडू उरलेलाच नसतो. आणि तो टाकण्याआधी, उजवा पाय उंच उचललेला असताना, फर्नांडो क्षणभर डोळे आभाळाकडे लावायचा. लक्ष्याकडे न बघता चेंडू टाकणारा माणूस लोकांनी पाहिलाच नव्हता. आमच्या वॉर्डातली लहान मुलं बिछान्यावर उभी राहून तसं करायची आणि आम्हाला त्यांना धरावं लागायचं.

९ एप्रिल १९८१ रोजी हंगामाचा पहिलाच सामना होता. ठरलेला पिचर जेरी रॉइस जायबंदी झाला, म्हणून आदल्या दिवशी वीस वर्षांच्या या मुलाला सांगितलं गेलं की उद्या तू. त्याआधी त्यानं मोठ्या लीगमध्ये एकही सामना सुरुवातीपासून टाकलेला नव्हता. ह्यूस्टनला त्यानं एकही धाव करू दिली नाही. डॉजर्स २-० नं जिंकले. तिथून पुढं त्यानं सुरू केलेले पहिले आठही सामने तो जिंकला, त्यांतल्या पाचांत समोरच्या संघाची पाटी कोरी. मे महिन्यापर्यंत वेड इतकं वाढलं होतं की तो टाकणार म्हटल्यावर परगावचीही मैदानं भरत होती. त्याला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. पत्रकार परिषदेत शेजारी हारीन बसत आणि भाषांतर करत. जूनमध्ये अमेरिका आणि मेक्सिकोच्या अध्यक्षांनी व्हाइट हाउसमध्ये जेवण घेतलं, तिथंही या मुलाला बोलावणं होतं. मग खेळाडूंचा संप झाला, दोन महिने खेळ बंद राहिला. ऑगस्टमध्ये सुरू झाला तेव्हाही त्याचा हात तसाच चालला. वर्षाअखेरीस सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम पिचर असे दोन्ही मान त्याला एकाच हंगामात मिळाले. त्याच्याआधी कुणाला मिळाले नव्हते, त्याच्यानंतर आजवर कुणाला मिळालेले नाहीत.

त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे जो आधी चार सामने जिंकेल तो विजेता अशा अंतिम मालिकेत, न्यूयॉर्क यांकीजनी पहिले दोन सामने जिंकले होते. तिसरा लॉस एंजेलिसमध्ये, २३ ऑक्टोबरला. त्या रात्री फर्नांडोचा हात लागत नव्हता. चुकीचे चेंडू टाकून सात जणांना त्यानं फुकट बेस (धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा) दिली, नऊ हिट (बेस मिळवून देणारे फटके) बसले. संघाचे व्यवस्थापक टॉमी लसोर्डा यांनी तरीही त्याला मैदानावरून काढलं नाही, आणि जवळजवळ दीडशे चेंडू टाकून त्यानं तो सामना ५-४ नं संपवला. त्यानंतरचे तिन्ही सामने डॉजर्सनी घेतले. माझ्या दृष्टीनं त्याचा सगळ्यात मोठा सामना हाच. मला तो यासाठी प्रिय आहे की त्या रात्री त्याच्याकडं चांगला हात सोडून बाकी सगळं होतं.

आता मूळ गोष्टीकडे येते.

डॉजर्सचं मैदान ज्या टेकड्यांवर उभं आहे त्या जागेला चावेझ रवीन म्हणतात. तिथं पूर्वी तीन वस्त्या होत्या: ला लोमा, पालो वेर्दे आणि बिशप. बहुतेक घरं मेक्सिकन कुटुंबांची. स्वतःच्या हातांनी बांधलेली घरं, परसात भाज्या आणि कोंबड्या, शेळ्या, चर्च, शाळा. १९५० च्या जुलैमध्ये शहराच्या गृहनिर्माण खात्याची पत्रं घरोघर आली: इथं गरिबांसाठी सरकारी इमारती होणार आहेत, जागा सोडा, नव्या घरांत पहिला हक्क तुमचा. बहुतेकांनी मिळेल त्या पैशांत घरं दिली. तीन वर्षांत महापौर बदलले, गृहप्रकल्प गुंडाळला गेला. जमीन मात्र मोकळी झालेली होती. १९५७ चा हंगाम संपल्यावर ब्रुकलिनहून डॉजर्स संघ या शहरात यायला निघाला आणि ती जमीन त्यांच्या मैदानासाठी देण्याचं ठरलं. १९५८ मध्ये त्यावर शहरात मतदान झालं, ते थोडक्यात मंजूर झालं. शेवटपर्यंत न हललेल्या कुटुंबांना ८ मे १९५९ रोजी पोलिसांनी घराबाहेर काढलं. एका बाईला हातापायांना धरून पायऱ्यांवरून खाली नेलं, त्याची छायाचित्रं आजही छापली जातात. मागोमाग बुलडोझर. १० एप्रिल १९६२ रोजी त्या जागी पहिला सामना झाला.

माझ्याबरोबर रात्रपाळी करणारी एक सहकारी होती. तिच्या आईचं घर पालो वेर्देमध्ये होतं. त्या माउलीनं शपथ घेतली होती की त्या मैदानात पाय ठेवणार नाही. वीस वर्षं त्या घरात डॉजर्सचं नाव काढायची सोय नव्हती. नातवंडं शेजाऱ्यांकडे जाऊन सामना ऐकायची. सहकारीनं मला हे सांगितलं तेव्हा तिला वाटलं असावं की बाहेरून आलेल्या बाईला हे पटायचं नाही. मला एका शब्दाचंही स्पष्टीकरण लागलं नाही. माझं आजोळ कोयनेच्या खोऱ्यातलं, धरण झालं तेव्हा शिवसागराखाली गेलेलं. मामांची मंडळी कुठं कुठं पांगली. कोयनेची वीज साऱ्या राज्याला मिळाली हे आईला मान्य होतं, तिनं कधी वाद घातला नाही. पण एसटी त्या पाण्याच्या कडेनं जायला लागली की ती तोंड दुसऱ्या बाजूला करून बसायची. लॉस एंजेलिसमधल्या त्या आजींचं मैदानाकडे पाठ फिरवणं मी माझ्या घरात बघितलेलं होतं.

१९८१ च्या उन्हाळ्याआधी एका रात्री त्या आजी स्वतःहून मुलाला म्हणाल्या, मला त्या पोराला बघायचंय, घेऊन चल.

त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सहकारीनं वॉर्डात येऊन मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज जागेवर नव्हता. आजी पूर्ण वेळ काळा रुमाल डोक्याला बांधून बसल्या होत्या, टाळ्या वाजवत नव्हत्या. पण फर्नांडो टाकायला आला की उभ्या राहत होत्या. घरी परतताना गाडीत एवढंच म्हणाल्या की तो आमच्या गावातल्या मुलांसारखा चालतो.

हे एकाच घरात घडलं असतं तर मी पत्रात लिहिलं नसतं. पूर्व लॉस एंजेलिसमध्ये, बॉइल हाइट्समध्ये, लिंकन हाइट्समध्ये ज्यांच्याकडे कुणी पालो वेर्दे किंवा ला लोमाचं होतं, त्या घराघरांत अशी एखादी गोष्ट ऐकायला मिळते. त्यांना हे मैदान दुसऱ्यांचं होतं. त्याच्या गाडीतळाखाली त्यांच्या गल्ल्या होत्या. त्या मैदानाच्या मधोमध असलेल्या मातीच्या उंचवट्यावर जाऊन कुणीतरी उभं राहिलं, ज्याचा रंग, ज्याचं पोट, ज्याची भाषा त्यांची होती, आणि पन्नास हजार माणसं त्याचं नाव घेऊन ओरडू लागली. मी नंतर अनेकदा त्या मैदानात गेले आहे. वरच्या स्वस्त मजल्यावर अख्खी कुटुंबं डबे घेऊन बसलेली असायची, आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत. तिथं मला कुणी परकी समजलं नाही.

मात्र एक गोष्ट मला या दिवसांत फार खटकली. त्याच्या निधनानंतर इथल्या वाहिन्यांवर पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं की फर्नांडोनं ती जुनी जखम भरून काढली. हे मला मान्य नाही. वीस वर्षांच्या मुलानं शहराचं देणं कसं फेडायचं? त्यानं घरं पाडली नव्हती आणि ती परत देणंही त्याच्या हातात नव्हतं. याच वर्षी, २०२४ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात चावेझ रवीनच्या विस्थापितांची बाजू ऐकून घेऊन भरपाईचा विचार करणारं विधेयक मंजूर झालं होतं. राज्यपालांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठवलं. म्हणजे पासष्ट वर्षांनंतरही तो हिशेब उघडाच आहे. फर्नांडोच्या नावाखाली तो मिटवून टाकू नये. त्या आजी मैदानात गेल्या म्हणून त्यांनी माफ केलं असं कुणी समजू नये. त्या फक्त आपल्या माणसाला बघायला गेल्या होत्या.

आता हॉल ऑफ फेमविषयी, कारण तुमची बातमी तिथंच संपली होती.

निवृत्तीनंतर त्याचं नाव बेसबॉल पत्रकारांच्या मतदानाला आलं, तेव्हा २००३ मध्ये त्याला ६.२ टक्के मतं मिळाली. निवडीला ७५ टक्के लागतात. पुढच्या वर्षी ५ टक्क्यांच्याही खाली गेलं आणि नियमानुसार यादीतून नाव कायमचं कमी झालं. मत देणाऱ्यांनी बघितलं ते एवढंच की शेवटच्या आठ-नऊ वर्षांत तो साधारण पिचर होता. मी आयुष्यभर रुग्णांचे हात-खांदे बघितलेली बाई आहे, मला वेगळं दिसतं. १९८२ ते १९८७ असे सलग सहा हंगाम त्यानं दर वर्षी अडीचशेहून अधिक इनिंग्ज टाकल्या (बेसबॉलच्या एका सामन्यात नऊ इनिंग्ज असतात). १९८६ मध्ये तर वीस सामने त्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्यानं टाकले. आज दोनशे इनिंग्ज टाकणारे पिचर बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत आणि तेवढ्यालाही वाहवा होते. त्यातून हात उलटा पिळून टाकायचा चेंडू. १९८८ मध्ये खांदा गेला. त्या वर्षी डॉजर्स पुन्हा जगज्जेते झाले, पण वर्ल्ड सिरीजमध्ये तो खेळू शकला नाही. एखाद्या माणसाच्या खांद्यावर अख्खा संघ, अख्खं तिकीट घर आणि अख्खी वस्ती सहा-सात वर्षं उभी करायची, आणि मग खांदा झिजला म्हणून त्याची किंमत कमी करायची, हा कुठला न्याय?

तरी उतरत्या काळातही त्यानं एक रात्र दिली. २९ जून १९९० रोजी सेंट लुईसविरुद्ध त्यानं एकही हिट न देता सामना संपवला. व्हिन स्कली हे डॉजर्सचे इंग्रजी समालोचक. त्यांनी त्या क्षणी प्रेक्षकांना सांगितलं की तुमच्याकडे सोम्ब्रेरो (रुंद काठाची मेक्सिकन टोपी) असेल तर आभाळात फेका. त्यानंतर नऊ महिन्यांनी, १९९१ चा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर, क्लबनं त्याला करारातून मोकळं केलं. ही गोष्ट पूर्व लॉस एंजेलिसमधल्या लोकांना फार लागली. नंतर तो अनाहाइम, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, सॅन डिएगो, सेंट लुईस असा फिरला आणि १९९७ मध्ये थांबला. बरीच वर्षं तो डॉजर्सपासून लांबच राहिला. २००३ मध्ये परतला तो स्पॅनिश रेडिओच्या समालोचन कक्षात, त्याच हारीन यांच्याबरोबर. त्यानंतर वीसहून अधिक वर्षं त्याचा शांत, हळू आवाज आमच्या स्वयंपाकघरात असायचा. तो कमी बोलायचा. एखादा पिचर चुकला तर नुसतं म्हणायचा की चेंडू वर राहिला. कुणाची नालस्ती केलेली मी ऐकली नाही.

त्याच्या सदऱ्यावरच्या ३४ क्रमांकाची हकीकतही सांगण्यासारखी आहे. डॉजर्समध्ये प्रथा अशी की खेळाडू हॉल ऑफ फेममध्ये गेला तरच त्याचा क्रमांक कायमचा राखून ठेवायचा. अपवाद एकच झाला होता, जिम गिलियम यांचा. पण फर्नांडो संघ सोडून गेल्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ ३४ क्रमांकाचा सदरा संघात कुणालाच दिला गेला नाही. कागदावर नियम नव्हता, पण पोशाख सांभाळणाऱ्यांनी तो दिलाच नाही. मेक्सिकोच्या लीगनं २०१९ मध्ये तो क्रमांक सगळ्याच संघांसाठी बंद केला. शेवटी ११ ऑगस्ट २०२३ रोजी डॉजर्सनी आपली प्रथा बाजूला ठेवून ३४ क्रमांक अधिकृतपणे राखून ठेवला. फर्नांडो मैदानात उभा होता, समोर भरलेलं मैदान. सव्वा वर्षही उरलं नव्हतं त्याच्याकडे. उशिरा झालं, पण त्याच्या डोळ्यांदेखत झालं याचं मला फार समाधान आहे.

यंदा वर्ल्ड सिरीजच्या आधी तो समालोचनातून दिसेनासा झाला, प्रकृतीचं कारण सांगितलं गेलं. २२ ऑक्टोबरच्या रात्री तो गेला. तीन दिवसांनी, २५ तारखेला, डॉजर्स आणि यांकीज पुन्हा वर्ल्ड सिरीजमध्ये समोरासमोर येणार होते, १९८१ नंतर पहिल्यांदाच. मैदानाच्या प्रवेशद्वाराशी, व्हिन स्कली अव्हेन्यूवर, स्वागताची मोठी निळी पाटी आहे. तिथं रात्रीच लोक जमायला लागले होते. मी सकाळी माझ्या त्या सहकारीबरोबर गेले. तीही आता सत्तरीची आहे, काठी घेऊन चालते. पाटीच्या पायाशी मेणबत्त्या, ग्वादालुपेच्या मातेच्या तसबिरी, ३४ क्रमांकाचे जुने, धुऊन धुऊन विटलेले सदरे, चेंडूंवर पेननं लिहिलेले निरोप, त्याच्या छोट्या बाहुल्या, आणि सगळीकडे झेंडूची फुलं. मेक्सिकन लोकांचा पितरांचा सण नोव्हेंबरच्या सुरुवातीला असतो, त्याला झेंडूच लागतो, त्यामुळे बाजारात तो रास पडलेला होता. आमच्याकडे दिवाळी तोंडावर आलेली. मी दाराच्या तोरणासाठी आणलेल्या फुलांतली निम्मी तिथं वाहिली. (झेंडू आपल्याकडे आला तो मेक्सिकोतूनच. मला त्या दिवशी हे आठवून बरं वाटलं.)

एक ट्रक चालवणारा गृहस्थ कामावर जाता जाता थांबला होता. त्यानं टोपी काढली, पाटीसमोर उभा राहिला, काही न बोलता परत ट्रककडे गेला. एक तरुण आई कडेवरच्या मुलीला सांगत होती की हा तुझ्या पणजोबांचा फर्नांडो. माझ्या सहकारीनं आईचा जुना काळा रुमाल पर्समधून काढला, हातात धरून थोडा वेळ उभी राहिली आणि परत पर्समध्ये ठेवला. तो तिथं ठेवायचा तिला धीर झाला नाही. मी काही बोलले नाही.

पहिल्या सामन्याच्या रात्री खेळाडूंच्या बाहीवर ३४ क्रमांकाची पट्टी होती. पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावर ३४ रंगवलेलं होतं. त्याच्याबरोबर खेळलेले ओरेल हर्शायझर आणि स्टीव्ह येगर तिथं गेले आणि चेंडू त्या आकड्यापाशी ठेवून मागं सरले. टाकायला कुणी नव्हतं. सामना दहाव्या इनिंगमध्ये फ्रेडी फ्रीमनच्या एका फटक्यानं जिंकला गेला, ती कहाणी तुम्ही छापलीच होती. डॉजर्सनी सिरीज पाच सामन्यांत जिंकली आणि विजययात्रा निघाली १ नोव्हेंबरला. तो त्याचा वाढदिवस, जगला असता तर ६४ वा. त्याच दिवशी बॉइल हाइट्समध्ये मारियाची प्लाझासमोरच्या जुन्या हॉटेलच्या भिंतीवर रॉबर्ट व्हार्गस यांनी रंगवलेलं त्याचं भलंमोठं चित्र खुलं झालं. निधनानंतर थोड्याच दिवसांत, लोक खाली उभे असताना त्यांनी ते पुरं केलं. भिंतीवरचा फर्नांडो आभाळाकडे बघतो आहे.

आता संपादक महाशय, माझी विनंती. पत्रकारांच्या यादीतून गळालेल्या खेळाडूंचा पुन्हा विचार करणारी हॉल ऑफ फेमची एक समिती असते. सोळा सदस्य, निवडीला बारा मतं. १९८० नंतरच्या खेळाडूंसाठी ती पुढच्या वर्षी, डिसेंबर २०२५ मध्ये, बसणार आहे आणि फर्नांडोचं नाव तिच्यापुढं येऊ शकतं. ते आलं आणि निवड झाली, तर तुमच्याकडे वृत्तसंस्थेकडून पुन्हा तेच आकडे येतील. नाही झाली, तरी तेच येतील. दोन्ही वेळी आकडे जरूर छापा. त्यांच्याबरोबर पालो वेर्दे, ला लोमा आणि बिशप ही तीन नावंही छापा. सातारा, पाटण, जावळीकडचे तुमचे वाचक ती नावं वाचून थांबतील, याची मला खात्री आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
लॉस एंजेलिस, कॅलिफोर्निया, नोव्हेंबर २०२४
(नाव आणि पत्ता संपादकांकडे दिला आहे, छापू नये.)